गंज रोखताना समुद्रच लोखंडावर चढवतो तो पांढरा थर

समुद्रात उभ्या केलेल्या पोलादी खांबाला गंजू नये म्हणून विद्युत संरक्षण दिले, की काही आठवड्यांत त्याच्या पाण्याखालच्या भागावर एक पांढुरका, हाताला खरखरीत लागणारा थर दिसू लागतो. जेटीच्या पाईलवर, तेलविहिरींच्या फलाटाच्या पायांवर, समुद्रतळावरून जाणाऱ्या पाईपलाईनचे आवरण जिथे खरवडले गेले असेल तिथे, गोदीत आलेल्या नौकेच्या पंख्यावर, अशा अनेक ठिकाणी तो आढळतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मीठ साचले असावे असे वाटते, किंवा रंग फुगून आतले काहीतरी बाहेर आले असावे अशी शंका येते. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे शिंपला आणि प्रवाळ ज्या पदार्थाचे बनतात त्याच पदार्थाचा. आणि त्याच्याखाली, धातूला चिकटून, बहुधा मॅग्नेशियम हायड्रॉक्साईडचा एक पातळ पापुद्रा असतो. तो कोणी बाहेरून लावलेला नसतो. गंज रोखण्यासाठी दिलेल्या विजेनेच तो समुद्राच्या पाण्यातून काढून धातूवर बसवलेला असतो. या व्यवसायातले लोक त्याला ‘कॅल्केरियस डिपॉझिट’ म्हणतात. या लेखात आपण त्याला चुनखडीचा थर म्हणू. समुद्रातल्या बांधकामाच्या संरक्षणाचा आराखडा करताना हा थर बसणार हे गृहीत धरूनच हिशेब मांडलेला असतो, आणि तो नीट बसला नाही तर पोलादाऐवजी झिजू देण्यासाठी जोडलेला धातू त्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट खर्ची पडतो, हे सहसा बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते.

आधी गंजाविषयी थोडेसे. पोलाद समुद्राच्या पाण्यात असते तेव्हा लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनाच्या रूपाने पाण्यात उतरतो, आणि मागे राहिलेले इलेक्ट्रॉन त्याच पृष्ठभागावर, जवळच्याच दुसऱ्या एखाद्या जागी, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन उचलून घेतो. हे दोन्ही व्यवहार जोडीनेच चालतात. सतत बुडालेले उघडे पोलाद अशा रीतीने वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपास झिजते. आकडा लहान वाटतो खरा, पण ही झीज सर्वत्र सारखी नसते, ती खड्डे पाडत जाते, आणि ज्या बांधकामाने २५-३० वर्षे उभे राहावे अशी अपेक्षा असते त्याला ती परवडत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ऑक्सिजनला लागणारे इलेक्ट्रॉन लोखंडाने देण्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी देणे. त्यासाठी पोलादाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनिअमच्या खास मिश्रधातूचे ठोकळे जोडतात. हे धातू लोखंडापेक्षा अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन सोडतात, स्वतः झिजतात आणि पोलादाला वाचवतात. त्यांना ॲनोड म्हणतात, आणि ज्याला वाचवायचे ते पोलाद कॅथोड होते. घरच्या गीझरच्या टाकीत असलेली मॅग्नेशियमची कांडी हेच काम करते, फक्त ती सहसा कोणी उघडून पाहत नाही. ॲनोड झिजू द्यायचे नसतील तर रेक्टिफायरमधून एकदिश वीज देऊनही पोलादाला इलेक्ट्रॉन पुरवता येतात. संरक्षण पुरेसे आहे की नाही हे विद्युत विभवावरून (व्होल्टेजवरून) कळते. चांदी आणि सिल्व्हर क्लोराईडच्या संदर्भ इलेक्ट्रोडने मोजले तर समुद्रात मोकळेपणी गंजणाऱ्या पोलादाचे विभव उणे ६०० ते ६५० मिलीव्होल्टच्या आसपास असते. ते उणे ८०० किंवा त्याहून खाली नेले की गंज व्यवहारात थांबला असे धरतात. ॲल्युमिनिअमच्या ॲनोडचे स्वतःचे विभव सुमारे उणे १,०५० असते, म्हणजे त्याच्या हाती पुरेशी ओढ असते.

आता मुख्य गोष्ट. लोखंड विरघळायचे थांबले, तरी ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनची भूक थांबत नाही. पूर्वी ती लोखंड भागवत होते, आता ॲनोड भागवतो, एवढाच फरक. शिवाय पूर्वी पृष्ठभागाच्या काही जागांवर चालणारी ही क्रिया आता सगळ्याच पृष्ठभागावर चालते. ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळाले की तो पाण्याशी मिळून चार हायड्रॉक्साईड आयन तयार करतो, आणि हायड्रॉक्साईड म्हणजे आम्लारी. समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ च्या आसपास असतो. पण धातूला लगटून असलेल्या, मिलिमीटरच्या काही दशांश जाडीच्या पाण्यात तो ९.५ ते १० किंवा त्याच्याही वर चढतो. सामू एका अंकाने वाढला म्हणजे आम्लारीपणा दहा पटींनी वाढला, हे लक्षात घेतले तर या दोन पाण्यांमधले अंतर किती मोठे आहे ते कळेल. बोटभर दूर गेले की पुन्हा नेहमीचा समुद्र, आणि धातूलगत मात्र चुन्याच्या निवळीच्या दिशेने सरकलेले पाणी, अशी ही स्थिती असते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम कॅल्शियम आणि ०.१४ ग्रॅम बायकार्बोनेट असते. हायड्रॉक्साईड आयन बायकार्बोनेटशी भिडले की त्याचे कार्बोनेट होते, आणि कार्बोनेट व कॅल्शियम एकत्र आले की अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. खरे तर उष्ण प्रदेशातल्या समुद्राच्या वरच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आधीच त्याच्या विद्राव्यतेच्या कित्येक पट असते. तरीही ते आपोआप साचत नाही, कारण त्याच पाण्यात कॅल्शियमच्या पाचपट संख्येने असलेले मॅग्नेशियमचे आयन स्फटिकाच्या वाढीत अडथळा आणतात, शिवाय फॉस्फेट आणि सेंद्रिय द्रव्येही आड येतात. समुद्र जणू काठोकाठ भरलेला असतो, पण सांडत नाही. धातूलगतच्या आम्लारी पाण्यात हा अडथळा मोडतो आणि साचणे सुरू होते. मॅग्नेशियमच्या या हस्तक्षेपामुळेच उष्ण समुद्रात तयार होणारे कॅल्शियम कार्बोनेट नेहमीच्या कॅल्साईटच्या रूपात न येता ॲरागोनाईटच्या रूपात येते. त्याचे सुईसारखे स्फटिक दाटीवाटीने वाढतात. प्रवाळाचा सांगाडाही ॲरागोनाईटचाच असतो.

इथे गीझरमधल्या किंवा जुन्या तांब्याच्या बंबातल्या क्षाराची आठवण होणे साहजिक आहे, आणि ते साम्य अर्धे बरोबर आहे. बंबातही बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि चुनखडी साचते, पण तिथे ते उष्णतेमुळे होते. पाणी तापल्याने कार्बन डायऑक्साईड वायू निघून जातो आणि समतोल कार्बोनेटकडे झुकतो. समुद्रातल्या पोलादावर तापमान वाढवणारे काहीच नसते. तिथे हे काम विजेतून जन्मलेला हायड्रॉक्साईड करतो. म्हणूनच बंबात जिथे ताप जास्त तिथे क्षार जाड, तर समुद्रातल्या खांबावर जिथे विद्युतप्रवाह पोहोचतो तिथेच थर, आणि जिथे पोहोचत नाही तिथे गंज. पाणबुड्याच्या दृष्टीने हा फरक उपयोगाचा आहे, कारण एखाद्या कोपऱ्यात पांढऱ्याऐवजी तांबूस-काळसर डाग दिसला तर तिथे संरक्षण पोहोचत नसण्याची शक्यता त्याने आधी धरावी.

हा थर पोलादाला वाचवतो कसा? रंगाप्रमाणे पाणी पूर्ण अडवून नव्हे. तो सच्छिद्रच असतो आणि बहुधा मिलिमीटरच्या काही दशांशांपेक्षा जाड नसतो. पण संरक्षणाला लागणारा विद्युतप्रवाह किती, हे ऑक्सिजन किती वेगाने पृष्ठभागापर्यंत पोहोचतो यावर ठरते, आणि थराच्या आडवळणी छिद्रांतून ऑक्सिजनला वाट काढावी लागली की त्याची आवक घटते. आवक घटली की इलेक्ट्रॉनची मागणी घटते. यात एक नैसर्गिक लगामही आहे. उघडे पोलाद उणे ८०० वर असते तेव्हा त्याच्यात आणि ॲनोडमध्ये सुमारे २५० मिलीव्होल्टचे अंतर असते आणि ॲनोड भरपूर प्रवाह देतो. थर बसून मागणी कमी झाली की पोलादाचे विभव आणखी खाली, उणे १,००० च्या जवळ जाते, अंतर ५० मिलीव्होल्टवर येते आणि ॲनोड आपोआप हात आखडता घेतो. कुणी बटन फिरवावे लागत नाही. साध्या ठोकळ्यांची ही पद्धत समुद्रात इतकी लोकप्रिय का आहे, याचे अर्धे उत्तर मला या आपोआप होणाऱ्या काटकसरीत दिसते.

ही काटकसर किती मोठी असते ते आकड्यांत पाहू. समुद्रातल्या बांधकामांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, डीएनव्ही या नॉर्वेतल्या प्रमाणन संस्थेच्या नियमावलीत, २० अंशांपेक्षा उष्ण आणि ३० मीटरपर्यंत खोल पाण्यातल्या उघड्या पोलादाला सुरुवातीला दर चौरस मीटरला १५० मिलीअँपिअर प्रवाह धरतात, पण संपूर्ण आयुष्याची सरासरी मात्र ७० धरतात. समजा १०,००० चौरस मीटरचे उघडे पोलाद २५ वर्षे सांभाळायचे आहे, आणि एक किलो ॲल्युमिनिअम २,००० अँपिअर-तास देते. इतर बारीकसारीक गुणक बाजूला ठेवले, तर सरासरी ७० च्या हिशेबाने सुमारे ७७ टन ॲल्युमिनिअम लागते; थर कधी बसलाच नाही आणि १५० चीच मागणी शेवटपर्यंत राहिली असती, तर सुमारे १६४ टन लागले असते. या दोन आकड्यांमधला बराचसा फरक समुद्राने फुकट दिलेल्या चुनखडीचा आहे. एवढे वजन वाचते म्हणजे नुसता धातूचा खर्च वाचत नाही. ते वजन उचलून नेणे, फलाटाच्या सांगाड्याला वेल्ड करणे आणि लाटांच्या माऱ्यात त्याला तोलून धरणे हेही वाचते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटरच्या आसपास खोल पाण्यात, १९७६ पासून तेल देणाऱ्या मुंबई हायसारख्या क्षेत्रात, जिथे पाणी वर्षभर उबदार असते, ही निसर्गाची मदत चांगल्यापैकी मिळते.

त्याच नियमावलीत शेवटच्या वर्षांसाठी १०० मिलीअँपिअरचा तिसरा आकडाही असतो, आणि तो नवख्याला कोड्यात टाकतो. थर बसलेला आहे, मागणी ७० पेक्षाही खाली गेलेली असू शकते, मग शेवटी पुन्हा जास्त कशासाठी? कारण मोठ्या वादळात लाटांबरोबर येणारी वाळू, किंवा साचलेले शेवाळ-शिंपले निखळताना सोबत ओढली जाणारी चुनखडी, यामुळे थर जागोजागी उघडा पडतो. तशा वेळी झिजून लहान झालेल्या ॲनोडमध्येही तो पुन्हा घडवण्याइतकी ताकद शिल्लक असावी लागते. सुरुवातीला जास्त प्रवाह देण्यामागेही असाच विचार आहे. पहिल्या काही दिवसांत पोलादाला झटक्याने खाली ओढले तर पृष्ठभागावरचा सामू पटकन चढतो आणि घट्ट विणीचा थर बसतो, जो पुढे वर्षानुवर्षे मागणी कमी ठेवतो. हळूहळू, काचकूच करत सुरुवात केली तर थर विरळ राहतो आणि एकूण खर्च उलट वाढतो. पैसे वाचवण्यासाठी सुरुवातीचा खर्च वाढवावा लागतो, असे हे विचित्र पण खरे गणित आहे.

याचा अर्थ जितकी वीज जास्त तितका थर चांगला, असा मात्र होत नाही. विभव साधारण उणे ९०० ते १,००० च्या दरम्यान असते तेव्हा ॲरागोनाईटचे प्रमाण जास्त आणि थर दाट असतो. ते त्याच्या फार खाली नेले की ऑक्सिजनवाचूनच पाण्याचे विघटन होऊ लागते, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि हायड्रॉक्साईडचा पूर येतो. सामू ९.५ च्या पुढे गेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड साचू लागते, आणि समुद्रात बायकार्बोनेटचा साठा तुटपुंजा पण मॅग्नेशियमचा भरपूर असल्याने, अतिरिक्त विजेचा फायदा कॅल्शियम कार्बोनेटला न होता मॅग्नेशियमला होतो. हा पदार्थ मऊ, गिळगिळीत असतो, बुडबुडे त्याला उचकटत राहतात, आणि वीज बंद पडली तर तो पाण्यात परत विरघळूनही जातो. ॲरागोनाईट तुलनेने टिकते. भरीस भर म्हणजे अतिसंरक्षणात रंगाचा थर धातूपासून सुटू लागतो, आणि उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याची भीती असते. ठोकळ्यांच्या पद्धतीत हा धोका कमी, कारण ॲनोड स्वतःच्या विभवाच्या खाली कोणाला ओढू शकत नाही. रेक्टिफायरवर मात्र लक्ष ठेवावे लागते. लहान नौकांच्या पंख्यावर कधीकधी खडूसारखा जाड थर चढतो, त्यामागेही बहुधा गरजेपेक्षा जास्त जस्त किंवा किनाऱ्याच्या वीजजोडणीतून आलेला भटका प्रवाह असतो. पंख्याला गुळगुळीत राहायचे असते, त्यामुळे जेटीच्या पाईलला जे वरदान तेच पंख्याला अडचण.

थर कसा बसेल हे पाण्यावरही अवलंबून असते. थंड आणि खोल पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जास्त विरघळते, म्हणून तिथे थर उशिरा बसतो आणि पातळ राहतो. सात अंशांपेक्षा थंड उथळ समुद्रासाठी तीच नियमावली सुरुवातीला २५० आणि सरासरी १२० मिलीअँपिअर धरायला सांगते, ते यामुळेच; थंड पाण्यात ऑक्सिजनही जास्त असतो ही त्यात आणखी भर. वेगवान प्रवाहात धातूलगतचे आम्लारी पाणी टिकतच नाही, वाहून जाते. आपल्याकडच्या खाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी आले की क्षारता घटते, त्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही घटते, आणि पाण्याचा विद्युत रोध वाढल्याने ॲनोडची पोहोचही आखडते. त्यामुळे खाडीतल्या जेटीसाठी भर उन्हाळ्यात घेतलेली विभवाची नोंद वर्षभरासाठी पुरेशी मानू नये. चिखलात रुतलेल्या भागाची गोष्ट वेगळी. तिथे ऑक्सिजनच जवळपास नसल्याने प्रवाह फार कमी लागतो आणि थराची फारशी गरजही नसते. आणि भरती-ओहोटीच्या रेषेच्या वर, जिथे फक्त शिंतोडे उडतात, तिथे ना वीज पोहोचते ना चुनखडी बसते. खांब सर्वांत जास्त गंजतो तो नेमका तिथेच, आणि तिथे रंग किंवा आवरण यांनाच पर्याय नसतो.

या साऱ्याची पहिली लेखी नोंद दोनशे वर्षांपूर्वीची आहे. ब्रिटिश नौदलाची लाकडी जहाजे कीड आणि शेवाळापासून वाचावीत म्हणून त्यांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत, पण हे पत्रे समुद्रात भराभर झिजत. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये रॉयल सोसायटीसमोर मांडले, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडला तर तांबे झिजायचे थांबते. प्रयोगासाठी घेतलेल्या जहाजांत ‘समरांग’ हे २८ तोफांचे जहाज होते, ज्याच्या तळाला १८२१ मध्ये भारतातच तांबे ठोकले होते. तांबे वाचले; रसायनशास्त्र अचूक निघाले. पण तांबे विरघळणे थांबल्यावर त्याचा विषारीपणाही थांबला, आणि संरक्षित तळांवर शेवाळ आणि शिंपले घरे करू लागले. लोखंडाचे प्रमाण जास्त ठेवले तेव्हा तांब्यावर पांढरा थर चढला, आणि डेव्हीने तो तपासून त्यात चुन्याचे कार्बोनेट आणि मॅग्नेशियमची संयुगे असल्याचे नोंदवले. आज ज्या थरावर टनावारी ॲल्युमिनिअम वाचते तोच थर त्याच्या दृष्टीने संकट होता, कारण त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर जीवांना पाय रोवायला जागा मिळत होती. नौदलाने अखेर ही पद्धत सोडून दिली, आणि डेव्हीला वर्तमानपत्रांतून बरेच ऐकून घ्यावे लागले. त्याचा दोष एवढाच होता, की त्याने रोगावर उपाय शोधला तेव्हा त्या रोगाचाच एक फायदा होता हे आधी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात वुल्फ हिल्बर्ट्झ या जर्मन वास्तुविदाने हा प्रश्न उलटा करून पाहिला: धातू वाचवणे बाजूला ठेवून, नुसता थरच हवा असेल तर? लोखंडी जाळी समुद्रात बुडवून तिला कमी दाबाची वीज दिली तर समुद्रच बांधकामाचे साहित्य पिकवून देईल, अशी त्याची कल्पना होती. समुद्रातली घरे काही उभी राहिली नाहीत, पण प्रवाळ अभ्यासक थॉमस गोरो याच्याबरोबर त्याने हेच तंत्र प्रवाळांच्या पुनरुज्जीवनासाठी वापरले. बाली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पेमुतेरान इथे २००० सालापासून अशा लोखंडी सांगाड्यांवर प्रवाळ वाढवले जात आहेत. तिथेही वर सांगितलेला नियमच लागू पडतो: प्रवाह माफक ठेवला तर कठीण ॲरागोनाईट हळूहळू वाढते, आणि घाई करून तो वाढवला तर मऊ मॅग्नेशियम हायड्रॉक्साईडचा भुसभुशीत ढीग हाती येतो.

फलाटांच्या आणि जेटींच्या पाण्याखालच्या तपासणीत मात्र या थराशी एक छोटासा संघर्ष अटळ असतो. वेल्डिंगच्या सांध्यांत भेगा आहेत का हे पाहण्यासाठी पाणबुड्याला सांधा चकचकीत धातू दिसेपर्यंत साफ करावा लागतो, आणि त्यात वर्षानुवर्षे बसलेला थर काही मिनिटांत निघून जातो. तेवढ्या भागाची प्रवाहाची मागणी त्या क्षणी पुन्हा पहिल्या दिवसाइतकी होते. म्हणून अनुभवी निरीक्षक सांध्याची गरजेपुरतीच जागा साफ करवून घेतात, बाकीच्या पांढऱ्या पृष्ठभागाला ब्रश लावू देत नाहीत, आणि विभवाची नोंद साफसफाईच्या आधी घेतात. नंतर घेतली, तर ती खांबाच्या रोजच्या स्थितीऐवजी नुकत्याच खरवडलेल्या जागेची स्थिती दाखवते.